एमआयडीसीतली मावशींची खानावळ: जेवण, डबा सर्व्हिस आणि आमच्या कारखान्यात टिकलेली पोरं

रिव्ह्यू जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. मी या खानावळीत नुसती जेवायला जात नाही, आमच्या कारखान्याचे रोजचे डबे सव्वा वर्षापासून इथूनच येऊन राहिले आहेत, त्यामुळे चव, वेळ, हिशोब, स्वच्छता सगळं जवळून बघितलंय. जळगावला एमआयडीसीत आमचं प्लॅस्टिक चटईचं छोटं युनिट आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. मशीन आणि माल नवरा बघतो, हजेरी, पगार, पीएफ, माणसं हे सगळं माझ्याकडे. ज्यांचं जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी लहान युनिट आहे आणि माणसं टिकत नाहीत म्हणून डोकं धरून बसलेत, त्यांनी हे जरूर वाचा, कारण मीही तशीच बसले होते.

खानावळीला बोर्ड नाही, सगळे मावशींची खानावळच म्हणतात. पत्र्याची शेड, बाहेर निंबाचं झाड, आत सहा टेबलं, आणि भिंतीवर एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेच्या) रजिस्ट्रेशनचा कागद फ्रेम करून लावलेला. लहान धंद्याला वर्षाला फक्त १०० रुपये फी असते तरी कितीतरी जण काढत नाहीत, मावशींनी काढलंय आणि दाखवतात पण.

आता जेवण. साधी थाळी म्हणजे दोन भाकरी किंवा चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रश्शाची, वरण, भात, कांदा, आणि ठेचा मागाल तेवढा. सोमवारी गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, बुधवारी शेवभाजी, शनिवारी वरण-बट्टी आणि सोबत घोटलेली वांग्याची भाजी. शेवभाजीची शेव जाड आणि तिखट आहे, रश्श्यात दहा मिनिटं राहिली तरी तिचा लगदा होत नाही. कळण्याची भाकरी रोज नसते, पण असते त्या दिवशी आमची धडगाव-शहादाकडची पोरं डबा उघडायच्या आधी वासावरूनच ओळखतात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यात मीठ, वर कच्चं तेल आणि ठेचा, हे पोटात असलं की माणूस आठ तास लूमवर, म्हणजे चटई विणायच्या मशीनवर, उभा राहू शकतो. आणि सध्या भरताचे दिवस चालू आहेत. बामणोदची हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, मग लाकडाच्या बडगीत ठेचलेली, त्यात कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे. मावशी मिक्सर लावत नाहीत, म्हणून वांग्याचा दाणा आणि तो जळका वास तसाच राहतो. मी जळगावात बरीच भरतं खाल्लीत, हे पहिल्या दोन-तीनात नक्की.

तिखट जास्त आहे, हे खरं. नवीन माणसानं आधीच सांगावं.

डबा सर्व्हिसकडे येते, कारण माझा खरा विषय तोच आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

२०२४ च्या सप्टेंबरपर्यंतच्या वर्षात आम्ही २६ माणसं घेतली आणि त्यातली १९ सोडून गेली. एकूण कामगार आमचे ३४, म्हणजे अर्ध्याहून जास्त कारखाना येऊन-जाऊन होता. लूमवर नवीन पोरगा दोन लूम एकट्यानं सांभाळायला लागेपर्यंत अडीच महिने जातात, तोपर्यंत धागा तुटतो, डिझाईन चुकतं, माल दुसऱ्या दर्जाचा निघतो, आणि तो शिकून तयार झाला की सुरतची गाडी पकडतो. सुरत आपल्याला लांब नाहीच, ताप्ती लाईनवर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, सरळ उधना. तिथं लूमच लूम आहेत, शिकलेल्या माणसाला गेल्या गेल्या काम. दुसरीकडे चाकण, वाळूज, नाशिकचं सातपूर-अंबड. म्हणजे आमची स्पर्धा शेजारच्या चटईवाल्याशी नाहीच, ती सुरतशी आणि पुण्याशी आहे, आणि पगारात आम्ही त्यांना कधीच गाठू शकत नाही.

तरी पहिला उपाय आम्ही पगाराचाच केला. महिन्याला हजार रुपये वाढवले. दोन महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या युनिटनं बाराशे वाढवले आणि आमचे तीन ऑपरेटर तिकडे गेले. मग माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला धरलं, नाव टाकत नाही. त्यानं माणसं आणली पटापट, आठवड्यात अकरा जण उभे केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पगार तो पंधरा-सोळा तारखेला वाटायचा, आम्ही त्याला पाच तारखेला पैसे देऊनसुद्धा. आणि पीएफ कापायचा पण भरायचा नाही, पोरांनी उमंग ॲपवर पासबुक काढून मला मोबाईल दाखवला, दोन महिने एंट्रीच नव्हती. ठेकेदारानं मजुरी किंवा पीएफ बुडवला तर मूळ मालकाला भरावा लागतो, कायदा तसाच आहे, आणि तो बरोबरच आहे, कारण पोरगा आमच्या मशीनवर घाम गाळत होता. आम्ही भरला. पण त्या अकरातले आठ तोपर्यंत गेले होते.

मला जागं केलं ते एका पोरानं. शिरपूरकडचा, बाविशीचा, हात इतका चांगला की महिनाभरात दुसरा लूम मागून घेतला होता. एका सकाळी गेटवर बॅग घेऊन उभा. मी विचारलं, दादा, पगार कमी पडतो का, कोणी बोललं का. तर म्हणाला, "ताई, पगार बरा शे, पन रातले ईसन सयपाक कराले जीवच ऱ्हास नही." म्हणजे रात्री येऊन स्वयंपाक करायला जीवच राहत नाही. मी त्याच्यासोबत त्याच्या खोलीवर गेले. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, सहा जण, एक स्टोव्ह, कोपऱ्यात बिस्किटांचे पुडे आणि रात्रीचा कडक झालेला पाव. भांडी घासायला पाणी नव्हतं म्हणून भांडी तशीच पडलेली. पोरगा आठ तास उभा, वर ओव्हरटाईम, आणि मग येऊन सहा जणांच्या रांगेत स्टोव्हची वाट बघायची. वडापाव खाऊन झोपायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि हा माणूस उपाशीपोटी प्लॅस्टिक वितळवणाऱ्या एक्सट्रूडरशेजारी उभा राहत होता, आणि आम्ही ऑफिसात बसून म्हणत होतो की हल्लीच्या पोरांना कामच नको. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तो गेलाच, थांबला नाही. पण त्याच आठवड्यात मी मावशींकडे जाऊन बसले.

ठरलं असं: ड्युटीवरचा एक डबा ६० रुपयांचा, त्यातले ३५ कारखान्याचे आणि २५ कामगाराचे. खोलीवरचा दुसरा डबा ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, त्याला मावशी पाच रुपये कमी लावतात. २६ दिवसांचे ३५ रुपये म्हणजे माणशी महिन्याला ९१० रुपये. बघा, हजार रुपये पगारात टाकले तर बाराशेवाल्यानं माणूस नेला, आणि ९१० डब्यात टाकले तर पंधरा महिन्यांत ११ नवीन घेतले त्यातले फक्त ४ गेले. सगळं श्रेय डब्याचं नाही, त्याच काळात आम्ही दुसऱ्या गोष्टीही केल्या, पुढे सांगतेच, पण पोरांना विचाराल तर ते आधी डब्याचंच नाव घेतील.

डबे कसे येतात ते बघण्यासारखं आहे. स्टीलचे तीन कप्प्यांचे डबे, प्रत्येकावर ऑइल पेंटनं नंबर. ज्याच्या डब्याला पांढरा रबर, तो बिहारकडचा, त्याला भात जास्त आणि तिखट कमी. लाल रबर म्हणजे पोळ्यांऐवजी भाकरी. एकाला कावीळ झाली होती तर महिनाभर त्याच्या डब्याला हिरवा रबर, त्यात बिनतेलाची भाजी आणि मऊ भात, आणि त्याचे जास्तीचे पैसे मावशींनी लावले नाहीत. मी स्वतः विचारलं होतं बिलाच्या वेळी, तर म्हणाल्या की तेल वाचलंच की मनं (माझं). ३४ माणसांच्या कारखान्यात कोणाला काय पचतं हे मला माहीत नव्हतं, त्यांना पंधरा दिवसात माहीत झालं.

आणि मी जे सगळ्यात जास्त शिकले ते त्यांच्या किचनमधून. मावशींकडे चार बायका आहेत, सगळ्यात नवीन बाई पाच वर्षांपासून आहे. एमआयडीसीत कुठल्याही गेटवर "कामगार पाहिजेत" चा बोर्ड वर्षभर लटकलेला असतो आणि इथं पत्र्याच्या शेडमध्ये नऊ-नऊ वर्षं बायका टिकून आहेत, म्हणून मी एक अख्खी दुपार बसून बघितलं. पैसे आठवड्याला, बाजाराच्या दिवशी सकाळी, म्हणजे हातात पैसे असताना बाजार होतो. निघताना प्रत्येकीच्या पिशवीत घरच्यासाठी भाकरी-भाजी, उरलेलं नाही, आधी बाजूला काढून ठेवलेलं. शाळा सुटली की दोघींची पोरं तिथंच टेबलावर बसून अभ्यास करतात. आणि उचल मागितली तर मावशी कारण विचारत नाहीत, फक्त किती आणि कधीपर्यंत एवढंच, वहीत दोघींची सही. आमच्याकडे उचल मागायला पोरगा तीन वेळा ऑफिसच्या दारात उभा राहायचा आणि प्रत्येक वेळी त्याला घरचं सगळं दुखणं सगळ्यांसमोर सांगावं लागायचं. ते मी बंद केलं. आता महिन्याच्या वीस तारखेला, केलेल्या कामाच्या निम्म्यापर्यंत, विचारपूस नाही.

पगार पण आता पाच तारखेच्या आत जातो. कायद्यानं सात तारखेपर्यंत द्यायचा असतोच, पण पाच आणि सातमधले दोन दिवस खोलीभाड्याला फार महत्त्वाचे असतात, हे मला पोरांनी सांगितलं. ठेकेदार काढून सगळ्यांना आमच्याच हजेरीवर घेतलं, प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र दिलं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड आलेत त्यात तर ते सगळ्यांनाच द्यायचंय. ओव्हरटाईम डबल दरानं, आणि त्याची चिठ्ठी वेगळी. ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) कामगाराचे ०.७५ टक्के आणि आमचे ३.२५ टक्के जातात, हे आधी पण जात होते पण कोणाला कार्ड कसं वापरायचं ते माहीत नव्हतं. एकाच्या बायकोचं बाळंतपण त्यावर झालं तेव्हा बाकीच्यांना कळलं की ही कपात कशाची असते.

आता खानावळीच्या तक्रारी, कारण त्या लिहिल्या नाहीत तर रिव्ह्यू खोटा होईल.

पहिली, रात्रपाळीचा डबा. मावशी रात्री आठला डबे पाठवतात आणि रात्रपाळीचं जेवण होतं एक वाजता. हिवाळ्यात गार होतो आणि मे महिन्यात दोन वेळा वरण आंबलं. पोरांनी खाल्लं नाही म्हणून निभावलं, पण हे व्हायला नको होतं आणि मी तेव्हा फार बोलले त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या डब्यात रश्शा-वरण बंद, सुकी भाजी, भाकरी, चटणी, शेंगदाणे. आम्ही आमच्या बाजूनं एक हॉट प्लेट घेतली. तरी रात्रपाळीवाल्यांना दिवसवाल्यांसारखं जेवण मिळत नाही हे खरंच आहे, आणि ही गोष्ट मला अजून खटकते. मावशी म्हणतात रात्री अकराला ताजा डबा देईन पण त्यासाठी एक बाई वाढवावी लागेल, आणि रात्री येणारी बाई मिळत नाही, मिळाली तरी तिला घरी सोडायची सोय पाहिजे. मी सांगितलंय की आमची गाडी सोडेल. बघू.

दुसरी, हिशोब. बिल वहीच्या पानावर, कधी तारीख असते कधी नाही. मी आता रोज हजेरीसोबत डब्यांचा आकडा व्हॉट्सॲपवर टाकते, तेव्हापासून वाद नाही.

तिसरी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) खानावळ चार दिवस बंद. पहिल्या वर्षी, म्हणजे ३० एप्रिल २०२५ च्या आखाजीला, मी वैतागले होते, २४ माणसं जेवणार कुठे. मावशी म्हणाल्या, "आखाजीले माहेरी नही जावानं ते कधी जावानं?" आणि खरंच, किचनमधल्या बायका सासुरवाशिणीच, त्यांना वर्षातून तोच एक सण मोकळा. मग मी माझी हजेरी काढून बघितली तर आमची पण निम्मी पोरं त्याच आठवड्यात दरवर्षी गायब असतात, आणि आम्ही दरवर्षी त्यांचा हजेरी बोनस कापतो, आणि कापला की त्यातले दोन-तीन परत येतच नाहीत. कारखान्याचं मोठं मेंटेनन्स आम्ही जूनमध्ये करायचो. आता ते आखाजीला घेतोय, चार दिवस सगळं बंद, कोणाचं काही कापायचं नाही. श्रावणात कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या देवीच्या) रविवारी पण तसंच, ज्याच्या घरी तिचे रोट असतात त्याला सोमवारची सुट्टी आधीच लिहून देते. बिहारकडच्या पोरांना छठची जोडून रजा. बोनस कापून जे जमलं नाही ते कॅलेंडर आधी भिंतीवर लावून जमलं.

खर्चाचं पण लिहिते कारण लहान युनिटवाले पहिलं तेच विचारतात. कॅन्टीन फॅक्टरी ॲक्टमध्ये २५० च्या वर कामगार असतील तरच सक्तीचं होतं, नवीन कोडमध्ये १०० वर आलंय, म्हणजे आपल्यासारख्यांना कोणी विचारत नाही. म्हणूनच कोणी करत नाही आणि म्हणूनच मोठ्या कंपनीत जायला पोरं उतावीळ असतात. पण आमच्याच्यानं कॅन्टीन झेपलं नसतं, जागा नाही, आचारी नाही, खानावळीशी बांधून घेणं झेपलं. आणि केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आहे, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये घेतलेल्या नवीन माणसांसाठी. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन माणसं वाढवायची, ती सहा महिने टिकली पाहिजेत, आणि दहा ते वीस हजार पगारावर मालकाला माणशी महिन्याला २,००० मिळतात, कारखान्यांना चार वर्षांपर्यंत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या पोराला १५,००० पर्यंत दोन हप्त्यात, पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. आम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये तीन घेतले, तिघेही आहेत. हे पैसे आले की माझ्या डोक्यात रात्रीच्या ताज्या डब्याचा खर्च त्यातूनच काढायचाय. तुमच्या अकाउंटंटला विचारा, पीएफचा भरणा वेळेवर असेल तरच यात जमतं.

एक प्रसंग सांगते. दिवाळी आमच्याकडे सगळ्यात धोक्याची असते, बोनस हातात पडला की पोरं घरी जातात आणि तिकडूनच सुरत. दिवाळीनंतरच्या सोमवारी २०२३ ला लूमवर नऊ जण होते, बाकी लूम झाकून ठेवलेले. या दिवाळीनंतर मी मुद्दाम सकाळी सातला गेटवर जाऊन उभी राहिले. एकेक करून २९ आले, दोघांनी फोन केला की गाडी लेट आहे. आणि सकाळी साडेअकराला मावशींचा रिक्षावाला डबे घेऊन आला, २९ च्या ऐवजी ३१ डबे. मी म्हटलं मावशींना फोन करून सांगते की दोन जण आलेले नाहीत, तर तो म्हणाला मावशींनीच दोन जास्त भरलेत, पोरं गाडीतून उतरून भुकेली येतील म्हणून. ती दोघं दुपारी एकला आली, बॅगा लूमशेजारी ठेवल्या आणि आधी डबे उघडले.

रेटिंग द्यायचंच तर चव पाच, डब्याची वेळ चार, रात्रपाळीला तीन, हिशोबाला तीन, वागणुकीला पाच. बसून जेवायला जायचं असेल तर दुपारी साडेबाराच्या आत जा, एकनंतर आमच्यासारख्या कारखान्यांची गर्दी असते. भरीत गुरुवारी आणि रविवारी, रविवारी संध्याकाळी बंद. आणि डबे लावायचे असतील तर आधी मावशींना विचारा जमेल का, त्या सत्तर डब्यांच्या वर घेत नाहीत, सध्या बासष्ट चालू आहेत.